डोमाजींची विहीर आणि माझी काचनळी

भंडारा जिल्ह्यात, आसगावच्या अलीकडे एका टोलीवर (लहान वस्तीवर) एक विहीर आहे. ती विहीर माझ्या लघवीमुळे दोन वर्षं वापरातून गेली होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरांना नाही, आणि देवापुढे हात जोडले तरी हा विषय मी बाजूलाच ठेवत आलो. एक बैल तेवढा सोडायचा. त्याचं पुढे येईलच.

वाचकांनी भलतं मनात आणू नये. मी विहिरीत काही केलेलं नाही. जे केलं ते एका काचेच्या नळीत केलं, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून केलं.

तेव्हा मी चाळिशीत होतो आणि साताऱ्याकडच्या एका कंपनीसाठी भातगिरण्यांचे रबरी रोलर विकत होतो. गिरणीत असे दोन रोलर एकमेकांना घासून फिरतात आणि धानाचं टरफल निघतं. रोलर झिजतात, नवे लागतात, म्हणून माझ्यासारखी माणसं हिंडतात. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. धान कापणीला आलं की मी रेल्वेनं नागपूरला उतरायचो, तिथून कंपनीची जीप घ्यायचो आणि एकटाच भंडाऱ्याच्या रस्त्याला लागायचो.

मला मधुमेह आहे. रोज सकाळी इन्शुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. कंपनीला हे माहीत नव्हतं. कळलं तर जीपची किल्ली काढून घेतील आणि किल्लीपाठोपाठ नोकरी जाईल, असा माझा हिशेब होता. म्हणून इन्शुलिनची बाटली एका लहान मडक्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून शेजारच्या सीटवर बांधलेली असे. कुणी विचारलंच तर मी सांगायचो, "बॅटरीचं पाणी."

माझी भीती वेगळीच होती. इन्शुलिन घेतलं आणि वेळेवर खाल्लं नाही, तर रक्तातली साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात कापतात, छाती धडधडते आणि मग डोकं आपलं राहत नाही. आदल्या उन्हाळ्यात वाईच्या रस्त्यावर माझं असं झालं होतं. मी जीप एका कडब्याच्या गंजीत नेऊन लावली, उतरलो, आणि गंजीला रोलरची माहिती दिली. गंजी काही बोलेना तेव्हा मी दर कमी केला. शेजारच्या शेतकऱ्यानं तोंडात उसाचं कांडं कोंबलं म्हणून मी आज लिहितो आहे.

त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लागला की मला धास्ती बसायची. आणि गंमत अशी की घाबरल्यावरही घाम फुटतो, हात कापतात आणि छाती धडधडते. म्हणजे मी घाबरलो की मला घाम यायचा, घाम आला की साखर उतरली असं वाटायचं, आणि तसं वाटलं की मी आणखी घाबरायचो. नागपूर ते भंडारा हा सरळ रस्ता मी या फेऱ्यात गोल गोल फिरत पार केला.

त्यावर मी दोन उपाय काढले होते. पहिला सतराचा पाढा. गाडी चालवताना मोठ्यानं पाढा म्हणायचा, अडलो की साखर उतरली असं समजायचं. उपाय चांगला होता. फक्त सतरा आठे किती हे मला शाळेतही कधी आलं नव्हतं. त्यामुळे मी दर वेळी तिथंच अडायचो, जीप कडेला घ्यायचो आणि साखर खायचो.

दुसरा उपाय काचनळीचा. रक्तातली साखर घरच्या घरी मोजायचं यंत्र तेव्हा आमच्यासारख्यांना ठाऊक नव्हतं. डॉक्टर एक निळं औषध द्यायचे. ते नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर लघवीत साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटेसारखं लाल झालं तर डॉक्टर चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. हे सगळं सामान मी एका पत्र्याच्या डब्यात घेऊन फिरायचो.

भंडाऱ्यात पोचलो तेव्हा सकाळ चढली होती. एका आळीतून पितळेची भांडी ठोकल्याचा आवाज येत होता आणि माझ्या छातीच्या ठोक्यांनी त्याच्याशी ताल धरला होता. मी एका हॉटेलात शिरलो.

"चहात साखर किती टाकू जी?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"पाच चमचे."

त्यानं पाच चमचे टाकले, पेल्यात डोकावून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "अन् चहा?"

तिथून मोहाडीला गेलो. मोहाडीत त्या दिवशी बाजार होता. तहसील कचेरीला कामाला आलेली माणसं खिशात कागद आणि हातात मासोळी घेऊन फिरत होती. चारीकडे कापलेल्या धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातखाचरं) पिवळ्याधमक पसरल्या होत्या. दोन गिरण्यांची कामं उरकली. निघताना मी एका म्हातारीकडे दोन किलो गूळ मागितला.

"एवढा गूळ कायले नेऊन रायले, बाप्पा? बाळंतीन हाय का घरी?"

मी हो म्हणालो. ते सगळ्यात सोपं वाटलं.

"काय झालं? पोरगा का पोरगी?"

इतक्या पुढचा विचार मी केला नव्हता. "अजून कळलं नाही," असं म्हणून मी तिथून निघालो. वळून पाहिलं तर म्हातारी शेजारणीला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती.

भंडाऱ्यावरून पुन्हा खाली, आसगावच्या रस्त्याला लागलो. रस्ता सुंदर होता असं म्हणतात. मी पाहिला नाही, मी पाढा म्हणत होतो. मध्ये एक मोठा तलाव लागला, त्यावर पांढरे बगळे होते, एवढं आठवतं, कारण तो सतरा आठेला आला. मोहाडीचा गूळ निम्मा संपला तेव्हा जीपनं वाफ सोडली. रेडिएटरमधलं पाणी आटलं होतं. आणि समोरच, रस्त्यापासून हाकेवर, एक नवी कोरी विहीर दिसली.

विहिरीचा कठडा ताज्या सिमेंटचा होता. त्यावर सिमेंट ओलं असताना खिळ्यानं दोन नावं कोरलेली होती: डोमाजी, सायत्रा. पलीकडे खळ्यात चुरणा (बैलांच्या पायांनी होणारी धानाची मळणी) चालू होता. बैलांमागून एक साठीचा, वाळका, उंच माणूस आला. डोमाजी तेच.

"पानी पाह्यजे? घ्या ना जी! गाडीले मंग पाजू, आधी तुमी पेऊन पाहा. अशी इहीर या पट्ट्यात नाई."

मी प्यालो. पाणी गार आणि हलकं होतं. तसं सांगितलं तर डोमाजींचा चेहरा फुलला. त्यांनी मला विहीर दाखवली. किती हातांवर खडक लागला, तो कसा फोडला, झरा कोणत्या बाजूनं येतो. विहीर त्यांनी स्वतःच्या बांधीत खोदली होती आणि सगळ्या टोलीला मोकळी केली होती. त्याआधी बायकांना सरपंचांच्या जुन्या विहिरीवर जावं लागे. ती पाच बांध ओलांडून, तलावाच्या पाळीपलीकडे.

"बुढा जावयाले इतका नाई जपत," मागून आवाज आला, "जितका इहिरीले जपून रायला. सकाऊन उठला का आधी तिचं तोंड पाह्यते, मंग माह्यं."

या सायत्राबाई. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, आणि डोळे असे की समोरच्याच्या खिशातलं दिसावं. त्यांनी माझ्यापुढे गूळ-पाणी ठेवलं. आल्या माणसाला आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा लोटा, ही तिकडची रीत. पाहुणा एक खडा उचलतो. मी वाटी रिकामी केली.

सायत्राबाईंनी ती पुन्हा भरली. मी पुन्हा रिकामी केली. मला हाताला कंप जाणवत होता. तो जीपच्या स्टिअरिंगचा राहिलेला कंप होता, पण हे कळायला शांत डोकं लागतं.

त्यांनी जेवायला ठेवून घेतलं. गरम भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. जेवण इतकं चांगलं होतं की त्यानंच माझी साखर सांभाळली गेली असती. तरीही उठता उठता मी गूळ मागितला.

"जेवनाच्या आधी गूळ, जेवनात गूळ, जेवनावर गूळ," सायत्राबाई म्हणाल्या. "साहेब, तुमच्याकडं गुराढोराईले काय देतेत?"

आता पुढे गाडी चालवायची होती. आपण ठीक आहोत की नाही, याची खात्री हवी होती. मी डबा घेतला. विहिरीपासून बऱ्याच अंतरावर पळसाची झुडपं होती, त्यांच्या मागे गेलो, आठ थेंबांची सोय केली आणि परत आलो. खळ्याच्या कडेला सायत्राबाई सुपानं धान पाखडत बसल्या होत्या. त्यांचं तोंड पळसाकडे होतं. हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

वारा सुटला होता आणि दिवा टिकेना. एकच आडोसा होता, विहिरीचा कठडा. मी त्याच्या पायाशी बसलो, दिवा पेटवला आणि चिमट्यात नळी धरून उकळू लागलो.

निळं हिरवं झालं. हिरवं पिवळं झालं. आणि पिवळं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की पाठीमागे माणसं उभी आहेत.

पुढे सायकल धरून दयारामजी होते. सरपंच तेच, आसगावातल्या गिरणीचे मालक तेच, आणि मी रोलर विकायला निघालो होतो तेही त्यांनाच. कंपनीचे साहेब टोलीवर थांबलेत हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. मागे टोलीतली आठदहा माणसं, आणि डोमाजी.

"इहिरीचं पानी तपासून रायले का साहेब?" दयारामजींनी आदरानं विचारलं.

खरं सांगायची ती वेळ होती. "नाही हो, ही माझी लघवी आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण समोर गिऱ्हाईक, बायामाणसं जमलेली, आणि किल्ली डोळ्यांपुढे. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मलाही सांगता येणार नाही. त्यांनी ती हो म्हणून घेतली.

तेवढ्यात नळी लाल झाली. नुसती लाल नव्हे. इतका विटकरी रंग मी जन्मात पाहिला नव्हता. दोन किलोतला निम्मा गूळ, पाच चमच्यांचा चहा आणि सायत्राबाईंच्या वाट्या, सगळं त्यात उभं होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे देवा! हे फारच वाईट!"

सगळे दोन पावलं मागे सरकले.

"लाल म्हंजे काय, साहेब?" डोमाजींनी हळू विचारलं.

"लाल म्हणजे… जास्त."

"काय जास्त?"

"जे नको ते."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. याचाच मला पुढे जास्त त्रास झाला.

"म्या तं पयलेच म्हनलो होतो!" दयारामजी सायकलसकट पुढे आले. "त्या खडकातलं पानी बरं नाई म्हनून! अन् साहेब, तुमी पेले तं नाई?"

"प्यालो," मी म्हणालो.

मग जी धावपळ झाली ती काय सांगू. कुणीतरी ताकाचा गुंड (पितळी घागर) आणला आणि मला दोन लोटे ताक पाजलं, विष उतरावं म्हणून. एकजण माझी जीभ पाहत होता. "अन् गाडीनं बी पेलं ना!" असं कुणीतरी ओरडलं, तेव्हा दयारामजींनी जीपचा रेडिएटर खाली करायला लावला. दोन माणसं पाच बांध ओलांडून गेली आणि जुन्या विहिरीचं पाणी घेऊन आली. जीपला ते पाणी पाजेपर्यंत सगळे चिंतेनं तिच्या तोंडाकडे पाहत होते.

डोमाजी मात्र हलले नाहीत. ते कठड्यावरच्या नावांवर हात ठेवून उभे होते. आणि सायत्राबाई एकदा नळीकडे, एकदा पळसाकडे पाहत होत्या.

दयारामजींनी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त रोलर घेतले. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाचा माल चांगलाच असणार, असं ते म्हणाले.

साताऱ्याला परतलो. महिन्याभरानं मोठ्या साहेबांनी बोलावलं. त्यांच्या हातात दयारामजींचं पत्र होतं. 'आपल्या साहेबांनी आमच्या टोलीवरील विहीर तपासून नागरिकांचे प्राण वाचविले, त्याबद्दल ग्रामस्थ आभारी आहेत.'

"तुम्ही विहिरी केव्हापासून तपासता?" साहेबांनी विचारलं.

"सवडीनं," मी म्हणालो.

साहेब खूश झाले. पत्र सूचनाफलकावर लावलं. मी रोज त्याच्यासमोरून जात होतो. पुढल्या हंगामात मी भंडाऱ्याची फेरी चुकवली, पाठीचं दुखणं काढलं. पाठ अगदी ठणठणीत होती.

त्याच्या पुढच्या वर्षी मात्र जावंच लागलं. आसगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन चढलं होतं. टोलीच्या अलीकडे बायकांची रांग दिसली. डोक्यावर गुंड, त्यावर गुंड, आणि बांधावरून जपून टाकलेली पावलं. मी जीप थांबवून विचारलं, इतक्या लांबून पाणी का नेता?

"लाल इहिरीचं पानी चालत नाई जी," एकीनं सांगितलं. "कंपनीच्या साहेबानं नळीत पाह्यलं होतं."

"कायले उभी रायली व!" मागची ओरडली. "मान मोडून रायली माही!"

रांग पुढे गेली. मी जीपमध्ये बसून राहिलो आणि ठरवलं. आज सांगायचं. दयारामजी असोत, किल्ली जावो, सांगायचंच.

एक गोष्ट मात्र विसरलो. त्या लाल नळीनंतर मी गुळाची धास्ती घेतली होती. बरोबर गोडाचा कणही ठेवत नव्हतो. सकाळी इंजेक्शन घेतलं होतं, नुसत्या चहावर निघालो होतो, आणि वाटेत धानाच्या बैलगाड्यांमागे अडकून जेवणाची वेळ टळून गेली होती.

जीप सुरू केली तेव्हा मला अजिबात भीती वाटत नव्हती. कित्येक वर्षांत प्रथमच इतकं मोकळं वाटत होतं. सतराचा पाढा म्हटला, तर सतरा आठेसकट सरळ सुटला. उत्तर काय आलं ते आठवत नाही, पण मला फार पटलं. पुढे मैलाचा एक दगड रस्त्याच्या कडेला उभा होता. तो रस्ता ओलांडेल म्हणून मी गाडी थांबवली आणि, "आधी तुम्ही," असं हातानं सांगितलं. तो काही निघाला नाही. मी नमस्कार करून पुढे गेलो.

टोलीवर उतरलो. डोमाजी खळ्यात उभे होते. मी थेट त्यांच्यासमोर गेलो आणि सगळं सांगितलं. मधुमेह, इंजेक्शन, मडकं, पळस, आठ थेंब, सगळं. एक शब्द लपवला नाही. ते शांतपणे ऐकत होते, मोठे डोळे, समजूतदार चेहरा. बोलता बोलता माझे डोळे भरून आले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अवो बुढ्या!" दुरून आवाज आला. "पाहा ना, तो साहेब आपल्या बैलासंगं काय बोलून रायला!"

मला पुढचं तुकड्यातुकड्यानं आठवतं. मी खाली बसलो. सदरा घामानं चिंब झाला होता. डोमाजी, खरे डोमाजी, धावत आले.

"मोहाची घेतली का जी यानं?"

"वास नाई येत," सायत्राबाई म्हणाल्या. "घाम पाहा, हात कापून रायले. उपाशी हाय मानूस. आधी गूळ द्या, मंग इचारा."

तोंडात गूळ आला. मग दुसरा खडा. डोमाजींनी लोटा पुढे केला आणि तो तसाच हातात धरून थबकले.

"साहेब," ते संकोचानं म्हणाले, "पानी आमच्याच इहिरीचं हाय. दुसरं नाई घरात. चालन का?"

त्या वेळी माझं डोकं पुरतं जागेवर आलं नव्हतं, पण हा प्रश्न अगदी जागेवर लागला.

"आमी तं दोन सालापासून पेऊन रायलो," सायत्राबाई म्हणाल्या. "दोघंच. मेलो नाई अजून. बुढा म्हने, कोनी नाई पेलं तं इहिरीले वाईट वाटन."

मी लोटाभर पाणी प्यालो. आणखी मागितलं. भात वाढला, तो खाल्ला. हळूहळू माझी भीती परत आली, आणि भीती परत आली म्हणजे साखर चढते आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. साखर खरोखर उतरते तेव्हा भीती वाटत नाही. तेव्हा दगडही आपल्याला माणसासारखे दिसतात.

तोवर टोली जमली होती आणि दयारामजीही आले होते. "साहेब, आले तसे पुन्हा एकडाव तपासून पाहा," कुणीतरी म्हणालं. डोमाजींनी पोहरा विहिरीत सोडला.

मी डबा उघडला. नळी तीन वेळा धुतली. या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पोहऱ्यातल्या पाण्याचे आठ थेंब टाकले, मोठ्यानं मोजून. दिवा पेटवला. औषध उकळायला लागलं. निळं. आणखी उकळलं. निळंच. मी नळी उन्हात धरली.

"निळं हाय!" कुणीतरी ओरडलं.

"म्या ब्लिचिंग टाकलं होतं ना," दयारामजी लगेच म्हणाले. "दोनदा." एकजण म्हणाला, औंदाच्या पावसानं झरा धुऊन निघाला. एका आजीनं विहिरीला नारळ फोडला होता, तिनं तसं सगळ्यांना सांगितलं. पाच मिनिटांत त्या विहिरीला सहा जणांनी बरं केलं होतं. डोमाजींनी पोहरा उचलला, लोटा भरला आणि पहिला दयारामजींपुढे धरला. सरपंचांनी एकदा नळीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ते प्याले.

"गार हाय," ते म्हणाले.

बायकांनी डोक्यावरचे गुंड तिथंच उतरवले. ती रांग मला अजून दिसते.

मी सांगायला हवं होतं. शब्द तोंडात होते, बैलापुढे पाठही झाले होते. पण मनात आलं, पहिल्या नळीत काय होतं हे कळलं तर या दुसऱ्या नळीवर तरी कोण विश्वास ठेवील? विहीर पुन्हा वापरातून जाईल. ही सबब मला त्या क्षणी सुचली आणि इतकी सोयीची वाटली की मी ती घट्ट धरून ठेवली. समोर गिऱ्हाईक होतं आणि किल्ली खिशात होती, हे मी स्वतःलाही सांगितलं नाही.

निघताना सायत्राबाई जीपपाशी आल्या. पळसाच्या पानात गुळाचा मोठा खडा बांधलेला होता. तो त्यांनी सीटवरच्या मडक्याशेजारी ठेवला, मडक्याकडे नीट पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "साहेब, तवाच्या टायमाले तुमी त्या पळसाच्या मांगं कायले गेलते जी?"

"सावलीला," मी म्हणालो.

"सावली तं इकडं होती."

मी इंजिन सुरू केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नव्हे. माझ्या गळ्यावरचा घाम पाहत असाव्यात.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "घाई नाई. पुढच्या खेपीले सांगजा. गूळ मातर खात जा, चालवता चालवता."

भंडाऱ्यापर्यंतच्या रस्त्यात त्या दिवशी मी पाढा म्हटला नाही. तलाव लागला तेव्हा जीप थांबवली, गुळाचा एक खडा खाल्ला आणि बगळे पाहिले. तीसच्या वर होते. पुढचा एक पिंपळही पाहिला. तो बहुतेक आधीपासून तिथं असावा.

साताऱ्याला गेल्यावर मोठ्या साहेबांना माझा आजार सांगून टाकला. पत्र फलकावरच होतं, पिवळं पडलेलं. ते म्हणाले, "मग आधी का नाही बोललात?" त्यांनी किल्ली काढून घेतली आणि मला टेबलावरचं काम दिलं. नोकरी गेली नाही. दहा वर्षं ज्याला मी घाबरलो, ते चहा संपायच्या आत आटोपलं.

आता बाहेर जायचं तर एस.टी.नं जातो. कधी कुणाची गाडी चालवायची वेळ आलीच तर आधी जेवतो, खिशात गूळ ठेवतो आणि शेजारी बसेल त्याला सांगतो, मला मधुमेह आहे, मी दगडांशी बोलायला लागलो तर गूळ द्या. हे एकदा बोलून टाकलं की निम्मा घाम तिथंच वाळतो. भीती गेली असं नाही, पण ती आता मागच्या सीटवर बसते.

आसगावच्या रस्त्याला मी त्यानंतर गेलेलो नाही. विहीर चालू आहे असं दयारामजींच्या पत्रांवरून कळतं. डोमाजींनी कठडा पुन्हा लिंपला आणि नावं पुन्हा कोरली, असंही त्यांनी एकदा लिहिलं होतं.

सायत्राबाईंनी मला विचारलं होतं की मी पळसाच्या मागे कशाला गेलो होतो. त्याचं खरं उत्तर मी त्यांना अजून देणं लागतो.